हंगाम अर्ध्यावर असताना मुलाचा क्लब बदलावा का?

स्पर्धांचा हंगाम ऐन भरात असतो आणि एका संध्याकाळी सरावाहून परतलेले मूल पिशवी दाराशी टाकून म्हणते, "मला आता त्या क्लबमध्ये जायचं नाही." त्या रात्री पालक एक तर "हंगाम संपेपर्यंत कळ काढ" असे म्हणून विषय मिटवतात, नाहीतर दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एखाद्या प्रशिक्षकाला फोन लावतात. मुलाला नेमके कशापासून सुटायचे आहे आणि ती गोष्ट जुन्या क्लबात मागे राहील की मुलाबरोबरच नव्या क्लबात येईल, हे तपासायचे मात्र दोन्ही घरांत राहून जाते. माझी दोन्ही मुले क्लबमध्ये खेळत वाढली. एकदा आम्ही हंगामाच्या मध्येच क्लब बदलला, एकदा बदलता बदलता थांबलो, आणि नंतर काही वर्षे कनिष्ठ संघाचे व्यवस्थापन सांभाळताना अशा बदल्या मी क्लबच्या बाजूनेही पाहिल्या. त्या अनुभवातून ज्या क्रमाने विचार करावा असे मला वाटते, तो क्रम पुढे दिला आहे. तो बदलू नये असा माझा आग्रह आहे, कारण बहुतेक घरांत नवा क्लब आधी ठरतो आणि कारणे नंतर शोधली जातात.

पायरी पहिली: सुरक्षिततेचा प्रश्न बाकीच्या प्रश्नांपासून वेगळा काढा

मारहाण, शरीरावरून किंवा वजनावरून सतत अपमान, प्रशिक्षकाचे मुलाला एकट्याला रात्री-अपरात्री पाठवलेले संदेश, नकोसा स्पर्श, दुखापत असतानाही खेळायला भाग पाडणे, वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडायला लावणे, यांपैकी काहीही घडत असेल तर पुढच्या पायऱ्या वाचण्याची गरज नाही. मुलाला त्याच दिवसापासून तिथे पाठवणे थांबवावे. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका असली तरी खेळाडूला लगेच मैदानाबाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, हा नियम आज सर्व प्रमुख खेळांत मान्य आहे. जो प्रशिक्षक "काही नाही, उठ" म्हणून मुलाला परत आत पाठवतो, त्याला दुसरी संधी देण्याचे कारण मला दिसत नाही.

अशा वेळी मुलाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे, संदेश पुसू नयेत आणि क्लबच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याकडे, खेळाच्या संघटनेकडे, गरज असल्यास पोलिसांकडे तक्रार करावी. गुपचूप क्लब बदलला की आपले मूल सुटते, पण तिथली बाकीची मुले त्याच माणसाच्या हाती राहतात, म्हणून तक्रार टाळू नये.

पायरी दुसरी: तक्रारीचे मूळ शोधा

सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर घाई करण्याचे काहीच कारण नाही, आणि खरे काम इथे सुरू होते. मूल जे वाक्य बोलते ते बहुतेक वेळा शेवटचे वाक्य असते आणि त्याच्याआधीची कित्येक वाक्ये न बोलताच राहिलेली असतात. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना व्हॉलीबॉल खेळत होती आणि रोज एकच सांगत होती, "सर माझ्याकडे बघतही नाहीत." मला ते अगदी खरे वाटले, कारण मागच्या वर्षी पहिल्या सहात असलेली मुलगी आता बाकावर बसत होती. आम्ही दोघांनी मिळून तीन आठवडे एक वही ठेवली. सामन्यात किती वेळ खेळायला मिळाले, सरावात कोणी काय सांगितले, जाताना आणि येताना मन कसे होते, कुठे दुखले, किती झोप झाली, एवढेच त्यात लिहायचे होते. दुसऱ्या आठवड्याच्या पानांवर तिच्या अक्षरात चार वेळा एकच नोंद होती: "उडी मारल्यावर गुडघ्याच्या खाली दुखलं." ही गोष्ट ती आमच्याशी एकदाही बोलली नव्हती, कारण दुखते असे सांगितले तर उरलेली संधीही जाईल अशी तिला भीती होती.

डॉक्टरांनी तपासून ऑस्गुड-श्लाटर हे नाव सांगितले. वाढीच्या वयात गुडघ्याखालच्या हाडाच्या टोकाशी, जिथे वाटीखालचा स्नायूबंध जोडलेला असतो, तिथे वारंवार उड्या मारल्याने आणि धावल्याने ताण येतो आणि ती जागा दुखू लागते. टाचेच्या हाडातही असाच प्रकार होतो, त्याला सेव्हरचा आजार म्हणतात. मुलींची उंची साधारण १२ व्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची साधारण १४ व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते, आणि त्या काळात हातपाय लांबल्यामुळे काल जमणारी गोष्ट आज जमेनाशी होते. मुलीची उडी चुकत होती, म्हणून ती बाकावर होती. नव्या क्लबात गेलो असतो तर गुडघाही तिच्याबरोबर गेला असता आणि नव्या प्रशिक्षकावर आपली छाप पाडण्यासाठी तिने त्याच गुडघ्यावर अधिकच उड्या मारल्या असत्या.

वही ठेवल्यावर प्रत्येक घरात दुखापतच सापडेल असे नाही. कधी मैत्रीण दुसऱ्या गटात गेलेली असते, कधी शाळेच्या परीक्षा आणि सामने एकाच महिन्यात आलेले असतात, तर कधी वयोगट बदलून मूल एकदम दोन वर्षांनी मोठ्या मुलांत जाऊन पडलेले असते. वयोगटाची तारीख हा मुद्दा पालकांच्या क्वचितच लक्षात येतो. कॅनडातील आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखांवरचा १९८५ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे: निवडीचे वर्ष १ जानेवारीपासून मोजले जात असल्यामुळे वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले ठळकपणे जास्त होती. आपले मूल वयोगटातल्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेले असेल तर ते त्याच गटातल्या काही मुलांपेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असते, आणि हा फरक कोणत्याही क्लबात गेले तरी तेवढाच राहतो.

वही हे पालकांनी गुपचूप ठेवायचे साधन नव्हे. मुलाने स्वतः लिहावी, आणि आपण ती त्याच्या परवानगीनेच वाचावी.

पायरी तिसरी: मुलाला विचारा, पण सामना संपताक्षणी नाही

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बारावे कलम सांगते की मुलाशी संबंधित बाबींत त्याला आपले मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला त्याच्या वयानुसार व समजेनुसार वजन दिले पाहिजे. खेळाच्या बाबतीत हे कलम घराघरांत मोडले जाते, आणि तेही प्रेमापोटी. सामन्यानंतर परतीच्या वाटेवर विचारलेल्या प्रश्नाला मूल त्या दिवशीच्या निकालाचे उत्तर देते. एक-दोन दिवस जाऊ द्यावे आणि मग शांतपणे विचारावे: सरावातला कोणता भाग तुला सर्वांत आवडतो, कोणाशेजारी उभे राहायला नको वाटते, तुझे दोन जवळचे मित्र तिथे नसते तरी तू गेला असतास का, आणि उद्या प्रशिक्षक बदलले पण क्लब तोच राहिला तर तुला कसे वाटेल? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून बरेच काही उलगडते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहायला तीन गरजा भागाव्या लागतात: आपल्याला निवड करता येते असे वाटणे, आपल्याला काही जमते आहे असे वाटणे आणि आपण कोणाचे तरी आहोत असे वाटणे. मुलाची उत्तरे या तीन गरजांशी ताडून पाहिली की तक्रार नेमकी कुठली आहे ते दिसते. दहा वर्षांच्या आतील मुलाच्या बाबतीत तिसरी गरज बहुतेक वेळा इतर दोहोंवर मात करते. त्याला "चांगल्या" क्लबात नेऊन मित्रांपासून तोडले तर तो खेळच सोडून देण्याची शक्यता अधिक असते, असे मी वारंवार पाहिले आहे.

याच टप्प्यावर पालकांनी एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. हा विषय घरात आठवडाभरात कितीदा निघतो आणि दर वेळी तो कोण काढतो?

पायरी चौथी: आहे त्या प्रशिक्षकाशी एकदा तरी नीट बोला

व्यवस्थापक म्हणून माझ्या हाती आलेल्या बदलीच्या अर्जांपैकी बहुतेकांत पालक आणि प्रशिक्षक यांच्यात आधी एकही सविस्तर बोलणे झालेले नसे. सामन्याच्या दिवशी बोलू नये, सरावाच्या मधल्या पाच मिनिटांतही बोलू नये. आधी वेळ मागून घ्यावी. "माझ्या मुलाला का खेळवत नाही?" असा प्रश्न टाकला की प्रशिक्षक आपल्या निवडीचे समर्थन करू लागतो आणि पुढची अर्धी भेट त्यातच जाते. त्याऐवजी असे विचारावे: "पुढच्या सहा आठवड्यांत त्याने कोणत्या दोन गोष्टी सुधाराव्यात, आणि त्या सुधारल्या हे तुम्ही कशावरून ठरवाल?" मूल तेराच्या पुढचे असेल तर त्यालाही बरोबर न्यावे आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्यावा.

"डाव्या बाजूचा पास कच्चा आहे, आणि पाठीमागे धावत येताना तो मान वर करून बघत नाही" असे उत्तर मिळाले तर त्या माणसाने आपले मूल पाहिलेले आहे. "मेहनत वाढवायला हवी" एवढेच उत्तर मिळाले आणि पुन्हा विचारल्यावरही त्याच्या पुढे काही आले नाही, तर मुलाच्या तक्रारीला आधार आहे असे समजावे. प्रशिक्षकाच्या वागण्याला मी इतके महत्त्व देतो, त्यामागे एक जुना अभ्यास आहे. लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांपैकी काहींना चुकीनंतर धीर कसा द्यावा आणि सुधारणा कशी सांगावी याचे थोडे प्रशिक्षण दिले गेले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांच्या संघांतील ५ टक्के मुले पुढच्या वर्षी खेळायला परतली नाहीत, तर प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांच्या संघांत हे प्रमाण २६ टक्के होते. खेळ सोडण्याचा संघाच्या हार-जितीशी मात्र संबंध आढळला नाही. म्हणूनच "संघ सारखा हरतो" हे क्लब बदलण्याचे कारण मला फारसे पटत नाही, आणि "चूक झाली की ओरडतात" हे मात्र पटते.

भेटीनंतर ठरलेली मुदत पाळावी. सहा आठवडे म्हटले तर सहा आठवडे, आणि तोवर घरात क्लब बदलण्याचा विषय काढू नये.

पायरी पाचवी: नियम आणि कागद

इथे भावनेचा संबंध नाही, फक्त वाचायचे आहे. बहुतेक खेळांत खेळाडूची नोंदणी ठरावीक मुदतीतच होते, आणि मुदत उलटल्यावर क्लब बदलला तर उरलेला हंगाम नुसता सराव करण्यात जातो. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमांनुसार एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. अठरा वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशातील क्लबात बदली तर ठरावीक अपवाद सोडल्यास मान्यच होत नाही. वयाच्या १२ व्या वर्षापासून खेळाडू कोणत्या क्लबात घडला, याची नोंदही पुढे व्यावसायिक करार झाल्यास प्रशिक्षण भरपाईसाठी, म्हणजे त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळणाऱ्या रकमेसाठी, लागते, म्हणून नोंदणीचे कागद नीट जपून ठेवावेत. इतर खेळांत आणि स्थानिक स्पर्धांत नियम वेगळे असतात. एका क्लबाकडून एखाद्या चषकाचा सामना खेळल्यावर त्याच चषकात दुसऱ्याकडून खेळता न येणे, बदलीनंतर काही काळ सामन्यांना बंदी असणे, जुन्या क्लबचे ना हरकत प्रमाणपत्र लागणे, असे बरेच प्रकार आढळतात.

संघटनेला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी मागावे. नव्या क्लबातील कोणी "ते आम्ही बघून घेऊ" असे म्हणाले तर त्यावर विसंबू नये. भरलेली फी परत मिळते का, किट कोणाचे, आणि जुन्या क्लबची नोंदणी चालू असताना दुसरीकडे सराव केल्यास विमा लागू होतो का, हेही विचारून घ्यावे.

पायरी सहावी: नव्या क्लबाचा सामना नाही, सराव बघा

सामन्याच्या दिवशी प्रत्येक क्लब चांगला दिसतो. एखाद्या साध्या दिवशी न सांगता जाऊन बाजूला बसावे आणि गटातल्या सर्वांत कच्च्या मुलाकडे पाहत राहावे. एका क्लबात मी असाच बसलो होतो. तासभराच्या सरावात एक मुलगा रांगेच्या शेवटी उभा होता, चार वेळा त्याची पाळी आली, दोनदा दुसऱ्याने पुढे घुसून ती घेतली, आणि प्रशिक्षकाने पूर्ण तासात त्याचे नाव एकदाही घेतले नाही. त्या क्लबची कपाटे चषकांनी भरलेली होती. आपले मूल नव्या गटात गेल्यावर पहिले काही आठवडे रांगेत शेवटीच उभे राहणार असते, म्हणून तिथली वागणूक सर्वांत महत्त्वाची.

आपल्या मुलाच्या जागेवर तिथे आधीच किती जण खेळतात हे विचारावे, आणि "पहिल्या संघात नक्की घेऊ" असे वचन कोणी हंगामाच्या मध्यात देत असेल तर सावध व्हावे. आज ज्या सहजतेने ते आपल्या मुलाला दिले जाते, तितक्याच सहजतेने ते उद्या दुसऱ्याला दिले जाईल. जुन्या क्लबची संमती घेऊन मुलाला दोन-तीन वेळा तिथे सराव करू द्यावा.

प्रवासाचा हिशेबही कागदावर मांडावा. नवा क्लब एका वेळी ४० मिनिटे लांब असेल आणि आठवड्याला चार सराव असतील, तर जाऊन-येऊन आठवड्याचे ५ तास २० मिनिटे जातात, आणि हा वेळ बहुतेक घरांत झोपेतूनच कापला जातो. झोपेच्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. सरावाचे तासही मोजावेत. बालरोगतज्ज्ञ आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती द्यायला सांगतात, आणि मुलाच्या वयाइतक्या तासांपेक्षा अधिक संघटित सराव आठवड्याला नसावा हा ढोबळ निकष खेळवैद्यकात वापरला जातो. बारा वर्षांच्या मुलाला सोळा तास राबवणारा क्लब कितीही नावाजलेला असला तरी माझ्या दृष्टीने तो बाद ठरतो.

पायरी सातवी: आता की हंगामानंतर?

इथपर्यंत आल्यावर प्रश्न बराच सोपा झालेला असतो. हंगामाचे आठ आठवडे किंवा त्याहून कमी उरले असतील आणि सुरक्षिततेचा प्रश्न नसेल, तर थांबावे असे माझे मत आहे. नव्या संघात रुळायलाच तेवढा काळ लागतो, आणि संघात एकच यष्टिरक्षक किंवा एकच गोलरक्षक असेल तर तो मध्येच निघून गेल्याने दहा-बारा मुलांचा हंगाम बिघडतो. कुटुंबाचे स्थलांतर, क्लबने वयोगटाचा संघच बंद करणे, संघातील मुलांचा छळ तक्रार करूनही न थांबणे, किंवा मुदत देऊनही प्रशिक्षकाने ठरलेले काहीच न करणे, ही मध्येच जाण्याची सबळ कारणे आहेत. निवडीवरून झालेला एखादा रुसवा, ओळखीच्या मुलाची बदली, किंवा बाहेरच्या कोणी केलेले कौतुक ही कारणे हंगाम संपेपर्यंत बहुधा विरून जातात.

माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही थांबलो. उड्या कमी केल्यावर काही महिन्यांत गुडघा शांत झाला. तरीही हंगाम संपल्यावर तिने क्लब बदललाच, कारण सहा आठवड्यांच्या मुदतीत त्या प्रशिक्षकाने एकदाही तिला बाजूला घेऊन काही सांगितले नव्हते. पण तेव्हा दुखरा गुडघा घेऊन पळाल्याची भावना तिच्या मनात नव्हती.

पायरी आठवी: निरोप आणि पहिले सहा आठवडे

निर्णय झाल्यावर तो सर्वांत आधी प्रशिक्षकाला, समोर बसून सांगावा. पत्रात दोन-तीन वाक्ये पुरतात: "आमच्या मुलाने अमुक तारखेपासून क्लब सोडण्याचे ठरवले आहे. आपण त्याला शिकवलेल्या गोष्टींबद्दल आम्ही आभारी आहोत. कृपया ना हरकत प्रमाणपत्र द्यावे." कारणांची यादी देऊ नये. थकलेली फी भरावी, किट धुऊन परत करावे, आणि सवंगड्यांना मुलाने स्वतः सांगावे.

ही काळजी आम्ही मुलाच्या वेळी घेतली नव्हती. त्याचा जलतरणाचा क्लब आम्ही हंगामाच्या मध्यावर बदलला. निर्णय बरोबर होता, पण तो मी प्रशिक्षकांना एका संदेशाने कळवला आणि मुलाला मित्रांना भेटूही दिले नाही. पुढच्या स्पर्धेत तलावाच्या काठावर जुने मित्र समोरून येताना दिसले, तेव्हा त्याने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला आणि ते निघून जाईपर्यंत तसाच बसून राहिला. त्या दिवशी तो आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा बराच मागे पडला. संध्याकाळी मी प्रशिक्षकांना फोन करून माफी मागितली. त्यांनी पुढच्या रविवारी मुलाला सरावाला बोलावले आणि तिथे त्याचा निरोप झाला.

नव्या क्लबला मुलाच्या जुन्या दुखापती आणि डॉक्टरांचे कागद पहिल्याच दिवशी द्यावेत, आणि पहिले दोन आठवडे सरावाचा भार मुद्दाम कमी ठेवायला सांगावे, कारण छाप पाडण्याच्या नादात मुले याच काळात जखमी होतात. सहा आठवडे होईपर्यंत निर्णय बरोबर की चूक याची चर्चा घरात करू नये. तोवर मूल परतल्यावर "किती वेळ खेळलास?" हे विचारण्याआधी "आज कोणाचं नाव कळलं?" हे विचारावे, आणि त्याने सांगितलेली नावे आपणही लक्षात ठेवावीत.